एक नाकपुडी पहाऱ्यावर, दुसरी विश्रांतीवर

  पायदळात नोकरी झाली, निवृत्तीनंतर महूलाच घर केलं. मी डॉक्टर नाही. बी.एस्सी. आहे, आणि ती पदवीही आता माझ्या जुन्या ट्रंकेच्या वयाची झाली. तरी आजचा विषय मुद्दाम घेतलाय, कारण या विषयावर एका बाजूला अवाजवी भीती आहे, दुसऱ्या बाजूला अवाजवी चमत्कार आहेत, आणि मधली साधी गोष्ट सांगायला कुणी फारसं बसत नाही. विषय आहे आपलं नाक. नेमकं सांगायचं तर, दिवसभरात आपला श्वास कधी एका नाकपुडीतून तर कधी दुसरीतून जास्त वाहतो, त्याचा.

आधी स्वतः बघा. स्वयंपाकघरातून स्टीलची एक सपाट ताटली आणा, दोन मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढून पुसा, नाकाखाली आडवी धरा, तोंड मिटून नाकातून हळू श्वास सोडा. ताटलीवर धुक्याचे दोन डाग उमटतील. बहुतेकांचे दोन डाग सारखे नसतात. एक मोठा असतो आणि सावकाश विरतो, दुसरा लहान असतो आणि लगेच जातो. मोठा डाग ज्या बाजूचा, ती नाकपुडी सध्या जास्त काम करते आहे. दोन-तीन तासांनी पुन्हा बघा. कदाचित बाजू बदललेली असेल. झ्वार्डेमाकर नावाच्या एका डच डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच युक्ती आरसा वापरून केली होती. त्याला काही खर्च नाही, रिचार्ज नाही.

आता हे होतं कशामुळे? नाकाच्या आत, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, प्रत्येकी तीन पडद्यांसारखे उंचवटे असतात. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यातला सगळ्यात खालचा सगळ्यात मोठा. त्याच्या आत पातळ हाड असतं, आणि हाडावर मऊ, स्पंजसारखं अस्तर. त्या अस्तरात शिरांची छोटी छोटी तळी असतात. तळी रक्तानं भरली की अस्तर फुगतं, वाट अरुंद होते. तळी रिकामी झाली की अस्तर आकसतं, वाट मोकळी होते. म्हणजे ज्याला आपण ‘नाक चोंदलं’ म्हणतो ते दर वेळी शेंबडानं चोंदलेलं नसतं. पुष्कळदा तिथे शिंकरण्यासारखं काहीच नसतं, भिंत फुगलेली असते. म्हणून तुम्ही कितीही जोरात शिंकरलं तरी ते सुटत नाही, उलट कान दुखायला लागतात.

या तळ्यांना भरा-रिकामं करा असे हुकूम आपल्या इच्छेबाहेरच्या मज्जासंस्थेकडून येतात, ज्या यंत्रणेवर हृदयाचे ठोके आणि घाम चालतो तिच्याकडून. वर मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे, त्याचा यावर ताबा असतो. गंमत अशी की एका बाजूला ‘आकसा’ असा हुकूम चालू असताना दुसऱ्या बाजूला ढील दिलेली असते. काही वेळानं अदलाबदल. दोन्ही बाजू मिळून एकंदर हवा जवळपास तेवढीच आत जाते, म्हणून आपल्याला या बदलाचा पत्ता लागत नाही. गार्डरूममध्ये असतं तसं समजा. संत्री बदलतो, पहारा चालू राहतो. आत झोपलेल्या माणसाला कोण उभा आहे हे कळतही नाही, आणि कळायची गरजही नसते.

आधुनिक वैद्यकात हे पहिल्यांदा नीट नोंदवलं ते रिखार्ड कायझर या जर्मन डॉक्टरांनी, १८९५ साली. त्याला आज ‘नेझल सायकल’ म्हणतात, आपण नासाचक्र म्हणू. एक फेरा साधारण दोन ते सहा तासांचा सांगतात, पण त्यापेक्षा छोटे आणि मोठे फेरेही दिसतात. प्रत्येकात तो तितकाच ठळक असतो असंही नाही. काहींच्या दोन्ही बाजू एकत्रच कमी-जास्त होतात, काहींत ठराविक ताल सापडत नाही. वय वाढेल तसा हा फेरा फिका होत जातो, म्हणजे माझ्या वयाच्या मंडळींना ताटलीवर दोन्ही डाग सारखेच दिसले तर काळजी करू नका. झोपेत फेरे लांबतात. आणि हे माणसापुरतं नाही. सशात, डुकरातसुद्धा असा फेरा नोंदला गेला आहे.

निसर्गानं ही उठाठेव का केली असावी? दिवसभरात आपण सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. ती कोरडी असो, थंड असो, धुळीची असो, फुप्फुसापर्यंत पोचेतो तिला ऊबदार आणि ओलसर करायचं काम नाकाचं. ज्या बाजूनं जास्त हवा जाते ती बाजू कोरडी पडते. मग ती विश्रांतीला जाते, तिथला ओलावा भरून येतो, आणि तोवर दुसरी बाजू काम करते. हा अंदाज आहे, पण शास्त्रज्ञांचा चांगला, पटणारा अंदाज आहे. मला तो पटतो, कारण कुठलंही काम चोवीस तास करायचं असेल तर दोन तुकड्या लागतातच.

आता साहजिकच तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, कर्नलसाहेब, १८९५ कसलं सांगता, आपल्याकडे हे शेकडो वर्षांपूर्वीच माहीत होतं. बरोबर आहे. डावी ती इडा, चंद्रनाडी. उजवी ती पिंगला, सूर्यनाडी. दोन्ही सारख्या वाहतात तेव्हा सुषुम्ना. ‘शिवस्वरोदय’ नावाचा संस्कृत ग्रंथच यावर आहे, शंकर-पार्वतीच्या संवादाच्या रूपात. कुणीतरी फार शांतपणे, फार दिवस स्वतःच्या नाकाकडे लक्ष देऊन बसल्याशिवाय ही गोष्ट सापडत नाही. ना यंत्र, ना घड्याळ, आणि तरी पकडली. त्या निरीक्षणाला माझा कडक सॅल्यूट आहे.

पण ग्रंथ तिथे थांबत नाही. तो म्हणतो, स्वर दर अडीच घटिकांनी बदलतो. घटिका २४ मिनिटांची, म्हणजे बरोबर ६० मिनिटांनी. शुक्ल प्रतिपदेपासून तीन दिवस सूर्योदयाला डावा स्वर, मग तीन दिवस उजवा, कृष्ण पक्षात याच्या उलट. मी काय केलं, निवृत्तीनंतर एक वही घातली. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, जेवणाआधी, संध्याकाळी फिरून आल्यावर, झोपताना, असं ताटलीवर बघून डावं-उजवं लिहीत गेलो. आमच्या सौ. म्हणायच्या, लोक साखर मोजतात, प्रेशर मोजतात, तुम्ही नाकपुड्या मोजा. एक पावसाळा आणि एक हिवाळा वही चालली. माझ्या नाकाला तिथीचं काही सोयरसुतक नाही असं दिसलं. कधी दीड तासात बाजू बदलली, कधी चार तास तीच राहिली. सूर्योदयाला कुठली नाकपुडी उघडी, हे तिथीपेक्षा मी रात्री कुठल्या कुशीवर झोपलो होतो यावर जास्त ठरत होतं. हा एका माणसाचा हिशेब आहे, त्याला शास्त्र म्हणू नका. पण प्रयोगशाळेत यंत्रं लावून मोजणाऱ्यांनाही एवढं काटेकोर घड्याळ सापडलेलं नाही.

आणि या ग्रंथात एक युद्धप्रकरण आहे, ते मी अर्थातच उत्सुकतेनं वाचलं. कुठल्या स्वरात चाल करावी, शत्रूला आपल्या कुठल्या बाजूला ठेवावं, वगैरे. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमचा ब्रीफिंगचा नकाशा आला. दारूगोळा किती, चंद्रोदय कधी, नाल्याला पाणी किती, आणि शेवटी, कंपनी कमांडरची कुठली नाकपुडी चालू आहे. समोरच्या कमांडरचीही तीच चालू असेल तर? शिवाय घरातून निघताना वाहत्या स्वराच्या बाजूचा पाय आधी टाकावा, असंही सांगितलं आहे. फौजेत ‘तेज चल’ म्हटलं की आधी डावाच पाय पडतो. शंभर जवानांपैकी निदान काहींचा तरी त्या वेळी उजवा स्वर असणारच. उस्तादानं कधी कुणाला नाक विचारलेलं मला आठवत नाही.

थट्टा सोडून सांगतो. आपल्याकडे या गोष्टी तपासून बघायची परंपराही आहे आणि ती मराठी मुलखातच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते योगातल्या क्रिया प्रयोगशाळेत मोजून बघायला. ग्रंथाचा आदर करणं आणि ग्रंथ तपासणं एकाच माणसाला जमतं, हे त्यांनी दाखवलं.

स्वराच्या परंपरेतली एक गोष्ट मात्र तपासात अगदी खणखणीत उतरली, ती कुशीची. कुशीवर झोपलात की खालच्या बाजूची नाकपुडी हळूहळू बंद होते आणि वरची उघडते. उजव्या कुशीवर झोपलात तर डावी उघडेल. १९७० साली राव आणि पोतदार या दोघांचा यावरचा निबंध अमेरिकेतल्या शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकात आला होता. तुम्ही म्हणाल, रक्त खाली उतरतं, त्यात काय विशेष. पण फक्त तेवढंच नाही. बसल्या बसल्या एका काखेत कुबडी घट्ट दाबून धरली, तरी त्या बाजूची नाकपुडी बंद व्हायला लागते आणि पलीकडची उघडते. म्हणजे छातीच्या बाजूवर, काखेजवळ पडलेल्या दाबाचा निरोप मज्जातंतूंमार्फत नाकापर्यंत पोचतो. जुन्या चित्रांत साधूंच्या काखेत ती आखूड, वर आडवी दांडी असलेली काठी असते ना, योगदंड, ती याचसाठी वापरत. मी लहानपणी समजायचो की बाबा थकले म्हणून टेकलेत.

सर्दीत याचा थेट उपयोग आहे. सर्दीत दोन्ही बाजूंचं अस्तर सुजलेलं असतं, त्यात हा फेरा चालूच असतो, म्हणून ज्या बाजूची विश्रांतीची वेळ ती पूर्ण बंद वाटते. अशा वेळी बंद बाजू वर येईल अशा कुशीवर वळा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. डोक्याखाली एक उशी जास्त घ्या. दुसरा उपाय व्यायाम. व्यायामात दोन्ही बाजूंचं अस्तर एकदम आकसतं. सकाळच्या पीटीला एखादा रिक्रूट हमखास म्हणायचा, ‘उस्ताद, नाक बंद है, जुकाम है.’ उस्ताद म्हणायचा, ‘दो चक्कर लगाओ, फिर बात करते हैं.’ दोन चक्करांनंतर नाक उघडलेलं असायचं आणि बोलण्यासारखं काही उरायचं नाही. उस्तादाला मज्जासंस्था माहीत नव्हती, पण रिक्रूट माहीत होते. ताप असताना मात्र असे चक्कर मारू नका.

आता मी जिथे हा विषय पहिल्यांदा गांभीर्यानं घेतला ती जागा सांगतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पूर्व लडाखमध्ये साडेचौदा हजार फुटांवर आमची एक चौकी होती. इतक्या उंचीवर माणसाला एकदम नेत नाहीत. पहिला टप्पा सहा दिवसांचा, त्यातले पहिले दोन दिवस नुसता आराम, मग चार दिवसांचा दुसरा टप्पा, आणि पंधरा हजारांच्या वर जायचं तर आणखी चार दिवसांचा तिसरा. हे सगळं करून आलेला एक विशीतला जवान रात्री दोनच्या सुमाराला स्लीपिंग बॅग उघडून ताडकन उठून बसला. ‘साहब, दम घुट रहा है.’ चेहऱ्यावर शुद्ध भीती.

आमचा नर्सिंग असिस्टंट कोल्हापूरकडचा होता. त्यानं आधी बुखारीकडे बघितलं, म्हणजे बंकरमधल्या रॉकेलच्या शेगडीकडे, आणि हवेची फट नीट उघडी आहे ना ते पाहिलं. बंद बंकरातल्या शेगडीचा विषारी वायू झोपेत माणूस मारतो, म्हणून पहिलं पाऊल ते. मग जवानाला बसवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. नाडी बघितली. ओठ, नखं टॉर्चच्या उजेडात बघितली, निळी पडली नाहीत ना. पाठीला स्टेथोस्कोप लावला. खोकला आहे का विचारलं. दहा पावलं चालवलं. सगळं ठीक निघालं. मग म्हणाला, ‘साहेब, हा उजव्या कुशीवर झोपला होता, उजवी नाकपुडी पूर्ण बंद आहे. डावी बुखारीच्या कोरड्या हवेनं आतून सुकून खपल्या धरून बसलीय. नाक बंद झालं, तोंड उघडलं, घसा सुकला, आणि घाबरून उठला.’ डाव्या नाकपुडीच्या कडेला थोडी व्हॅसलीन, कोमट पाणी, आणि डाव्या कुशीवर झोप. काही वेळात उजवी बाजू उघडली. तरी त्याला रात्रभर एकटं सोडलं नाही. दर तासाला कुणीतरी बघत होतं.

त्याच हिवाळ्यात दुसरा एक जण आला, वयानं मोठा, नाईक. तो म्हणत होता, ‘काही नाही, नाक बंद आहे, साधी सर्दी आहे.’ नर्सिंग असिस्टंटनं तेच सगळं केलं. पण या नाईकाला नुसतं बसल्या जागी धाप लागत होती. कोरडा खोकला होता. पाठीला स्टेथोस्कोप लावल्यावर बुडबुड्यांसारखा आवाज. फुप्फुसात पाणी भरत होतं, ज्याला हेप म्हणतात. लगेच ऑक्सिजन लावला आणि उजाडायची वाट न बघता खाली उतरवला. तो वाचला. खाली उतरवण्याइतका दुसरा उपाय नाही त्याला. नाक या माणसाचंही बंदच होतं. पण नाकपुडी कधीच त्याचा शत्रू नव्हती. म्हणून तुमच्यापैकी जे लेह, स्पिती, केदारनाथच्या सहलीला जातात त्यांना सांगतो, एक नाकपुडी बंद असणं हे उंचीवरच्या आजाराचं लक्षण नाही. विश्रांतीत लागणारी धाप हे लक्षण आहे. पहिल्या गोष्टीनं घाबरू नका आणि दुसरीला सर्दी म्हणून थांबू नका.

खाली मैदानात या विषयातलं जे नुकसान मी बघितलं ते मात्र भीतीचंच आहे, आणि ते छोट्या बाटलीतून येतं. माझ्या जुन्या पलटणीतले एक निवृत्त सुभेदार मला भेटायला महूला आले. चहा घेताना खिशातून बाटली काढली, डोकं मागं टाकलं, दोन थेंब इकडे, दोन थेंब तिकडे. दीड तासानं पुन्हा. मी विचारलं, ‘सुभेदारसाहेब, किती दिवस?’ म्हणाले, ‘दिवस कसले साहेब, आठ महिने झाले. याच्याशिवाय झोप नाही. एक जण म्हणाले नाकातलं हाड वाढलंय, कापावं लागेल.’

आपल्याकडे ‘हाड वाढलं’ हे एक फार सरसकट वाक्य आहे. कधी त्याचा अर्थ नाकाचा मधला पडदा एका बाजूला वाकलेला असा असतो, आणि तो थोडाफार वाकडा पुष्कळांचा असतो, त्रास न होता असतो. कधी त्याचा अर्थ ते स्पंजासारखं अस्तर सुजलंय असा असतो. सुभेदारांची गोष्ट अशी होती की सर्दीत त्यांनी थेंब सुरू केले. सर्दी गेली. नंतर आळीपाळीनं एकेक नाकपुडी थोडी बंद वाटायची, जी तुमची-माझी सगळ्यांची वाटते. त्यांना वाटलं सर्दी अजून आहे. थेंब चालूच.

हे थेंब, झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन, त्या शिरांच्या तळ्यांना जबरदस्तीनं आकसून धरतात. नाक दहा मिनिटांत मोकळं होतं, जादूच वाटते. पण पाच-सात दिवसांपुढे वापर गेला की शिरा ऐकेनाशा होतात. थेंबाचा अंमल उतरला की अस्तर पहिल्यापेक्षा जास्त फुगतं. मग परत थेंब. औषधानंच नाक चोंदतं, आणि माणूस त्यावर तेच औषध घालत राहतो. त्यात सुभेदारांना रक्तदाब होता. रक्तदाब असलेल्यांनी हे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

मी त्यांना कान-नाक-घशाच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर दुर्बीण घालून बघून म्हणाले, पडदा थोडा वाकडा आहे, पण ही सूज थेंबांची आहे, आधी थेंब सोडू, मग कापायचं की नाही बघू. त्यांनी वेगळा, सूज कमी करणारा फवारा दिला, मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगितलं, आणि एक युक्ती सांगितली जी मला फार आवडली. थेंब एकदम दोन्ही बाजूंनी बंद करू नका. आधी फक्त उजव्या नाकपुडीत बंद करा. डावी थेंबांवर चालू राहू दे, म्हणजे रात्री एक वाट उघडी राहील. उजवी सुधारली की मग डावीचे बंद. टप्प्याटप्प्यानं माघार. सुभेदारांना ही भाषा लगेच कळली. पहिला आठवडा त्यांनी फोनवर मला भरपूर ऐकवलं. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, ‘साहेब, आता पण एक नाकपुडी कधी कधी कमी चालते.’ मी म्हटलं, ‘ती विश्रांतीला गेलीय, तिला झोपू द्या.’ शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. ज्यांचा पडदा खरंच फार वाकडा असतो त्यांना शस्त्रक्रियेनं फार सुख मिळतं, तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही.

मग डॉक्टरांकडे कधी जायचं? माझा साधा निकष असा की बाजू बदलते का ते बघा. आज डावी, मग उजवी, असं होत असेल तर तो फेरा आहे. पण आठवडे गेले तरी नेहमी तीच एक बाजू बंद, किंवा एकाच बाजूनं रक्त येतं, वास येईनासा झाला, असं असेल तर घरी वही घालत बसू नका. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर बहुधा आत मणी, हरभरा, पेन्सिलीचं रबर असं काहीतरी अडकलेलं असतं. आजीबाईंनी ते चिमट्यानं काढायला जाऊ नये, आत सरकतं. आणि ज्यांच्या घरचे म्हणतात की हे झोपेत घोरता घोरता मध्येच श्वास थांबवतात, त्यांनी नाकपुडीचं कौतुक बाजूला ठेवून आधी त्याची तपासणी करून घ्यावी.

अजून एक सांगायचं राहिलं, ते वासाचं. १९९९ साली अमेरिकेत नोम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोन नाकपुड्यांना एकच वास थोडा वेगवेगळा येतो. काही गंधद्रव्यं नाकातल्या ओलाव्यात चटकन विरघळतात, ती वेगवान हवेत जास्त चांगली कळतात. काही सावकाश विरघळतात, त्यांना संथ हवा लागते. एक बाजू वेगवान, एक संथ, असं असल्यामुळे दोन्ही प्रकारचे वास आपल्याला मिळतात. म्हणजे विश्रांतीवरची नाकपुडीसुद्धा अगदी रिकामी बसलेली नसते. आमच्याकडे आमटीला फोडणी पडली की मी आता बोट लावून एकेक नाकपुडी बंद करून बघतो. सौ. तिसऱ्या खोलीतून म्हणतात, जेवायला या.

काही प्रश्न आधीच आले आहेत, त्यातले दोन घेतो. पुण्याहून एका विद्यार्थिनीनं विचारलंय की उजवी नाकपुडी चालू असताना गणित आणि डावी चालू असताना भाषेचा पेपर चांगला जातो का. नाकाच्या फेऱ्याचा आणि मेंदूच्या दोन अर्धगोलांचा संबंध असावा असे प्रयोग १९८०च्या दशकात झाले आहेत, मेंदूच्या विद्युतलहरी मोजून. पण त्यातली माणसं मोजकी होती, आणि नंतरच्या प्रयोगांचं एकमत नाही. बेटा, त्यावरून परीक्षेचं वेळापत्रक ठरवू नकोस. पेपर दहाला असेल तर दहालाच लिहायचा आहे, जी नाकपुडी चालू असेल तिनं.

दुसरा प्रश्न बडोद्याच्या एका काकांचा. अनुलोम-विलोम करताना एक बाजू बंद असते, जोर लावून ओढावं का. नको काका. जोर लावला की नाकपुडीची कडा आतच चिकटते, हवा आणखी कमी जाते. बंद बाजू वर येईल असे दहा मिनिटं कुशीवर पडा, किंवा गच्चीवर चार फेऱ्या मारा आणि मग बसा. तरीही नाहीच उघडली तर त्या दिवशी दोन्ही नाकपुड्यांनी नुसता सावकाश श्वास घ्या, अनुलोम-विलोम संध्याकाळी करा. तोवर बाजू बदललेली असेल.